ट्रॉली उचलावी की पाणंद भरावी?



दसरा उरकला, की हुपरी, रेंदाळ, यळगूड, तळंदगे, पट्टणकोडोली या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाला हूक बदलायचा असतो, कुणाला फाळका सरळ करून घ्यायचा असतो, कुणाच्या बेअरिंगने मागच्याच हंगामात मान टाकलेली असते. त्यात एक मागणी हमखास असते : "मिस्त्री, ट्रॉली तेवढी उचलून द्या. खाली घासत्या."

मागणी खोटी नाही. आपला हा पट्टा पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधला. नदीकडची रानं काळीभोर, पाणी धरणारी. दिवाळीच्या मागंपुढं एखादा अवकाळी झाला, की पाणंदीत चाकोऱ्या पडतात. चाकं चाकोरीत खाली जातात, मधली माती उंचवट्यासारखी राहते आणि भरलेल्या ट्रॉलीचं पोट त्या मातीवर टेकतं. मग दुसरा ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, अर्धा दिवस घालवा. असं दोनदा झालं, की माणूस दुकानाची वाट धरतो.

आम्हीही धरली होती. ती हकिकत आधी सांगतो, म्हणजे पुढचा धडा नीट ध्यानात राहील.

आमचा अनुभव

आमच्या रानाला जायला अरुंद पाणंद आहे. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला बांध. मध्ये एक ओढ्याची वगळ. एका हंगामात ट्रॉली तीनदा टेकली. आम्ही ती दुकानात नेली. मिस्त्री म्हणाला, "मामा, सहा इंच उचलतो, बघा ट्रॉली कशी पळत्या. काय बी अडणार न्हाई." त्यानं धुरा आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले, लांब यू-बोल्ट मारले आणि संध्याकाळी ट्रॉली दारात आणून उभी केली. दिसायला रुबाबदार दिसत होती. आम्हीही खूश.

पहिल्याच खेपेला दोन गोष्टी घडल्या. एक, वगळीत ट्रॉली पुन्हा घासली. सहा इंच उचलूनही घासली. दुसरी, रानातून पाणंदीला वळताना मागचं डावं चाक चरात गेलं आणि ट्रॉली आडवी झाली. ऊस चरात, ट्रॉलीची चाकं वर. टोळीतल्या दोन बाया मोळ्यांवर बसून येत होत्या. मागच्या वळणाला वाढ्याचा भारा घ्यायला त्या खाली उतरल्या, म्हणून वाचल्या. नुसत्या त्या भाऱ्यानं दोन जीव राखले.

ऊस पुन्हा गोळा करून भरायला दोन दिवस गेले. तोडलेला ऊस पडून राहिला, की वजनही घटतं आणि साखरही घटते, हे सभासदांना सांगायला नको. पण त्या रात्री आम्हांला उसाचा हिशेब सुचला नाही. आपण काय चुकलो, एवढंच डोक्यात होतं. पुढं जाणत्यांना विचारून, मोजमापं घेऊन जे कळलं ते इथं मांडत आहोत.

पहिला धडा : घासतं काय, ते आधी बघा

ट्रॉलीच्या खाली दोन वेगळ्या उंच्या असतात. एक धुऱ्याची, म्हणजे ॲक्सलची. दुसरी चेसिसची, म्हणजे ज्या चॅनेलवर साटा बसतो त्याची. पुढची टर्नटेबल, टूल बॉक्स, स्टेपनी आणि मागचा हूक ही सगळी चेसिसच्या बाजूची.

आता विचार करा. धुरा चाकाच्या मधोमध असतो. पाट्याखाली सहा इंचाचा ठोकळा घातला तर पाट्याच्या वरचं सगळं सहा इंच उचललं जातं. पण धुरा चाकाच्या मधोमधच राहतो. तो एक सूतभरही वर येत नाही. आमच्या वगळीत चेसिस घासतच नव्हती, धुरा घासत होता. म्हणजे पैसे घातले एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे.

आपल्या वाडवडिलांच्या लाकडी बैलगाडीचं चाक छातीला लागेल एवढं मोठं असायचं. त्यामुळं आस उंच राहायचा आणि गाडी चिखलातून निघायची. पुढं रबरी टायरच्या गाड्या आल्या. ओढायला हलक्या झाल्या, वजनही जास्त घेऊ लागल्या. पण चाक लहान झालं आणि आस खाली आला. धुऱ्याची उंची चाकावर असते, पाट्यावर नसते, एवढी एक गोष्ट गाठीला बांधा.

घासतं कुठं ते ओळखायची सोपी युक्ती आहे. ट्रॉली रिकामी असताना धुरा, टर्नटेबल, चॅनेल आणि मागचा हूक यांच्या खालच्या बाजूला चुन्याचा हात मारा. भरलेली खेप त्याच वाटेनं काढा. चुना जिथं खरवडला, तिथं तुमचा रोग. पुसलेला चुना धुऱ्यावर असेल तर पाटे उचलून काहीही उपयोग नाही.

दुसरा धडा : मोजायचं ते भरलेल्या ट्रॉलीचं

रिकामी ट्रॉली उंचच दिसते. आठ टन ऊस चढला, की पाटे बसतात, टायर दबतो. म्हणून मोजमाप भरलेल्या ट्रॉलीचं घ्यावं आणि सपाट जागेवर घ्यावं. अशी जागा आणि वेळ आपल्याला आयती मिळते. काट्याला नंबर लागेपर्यंत ट्रॉली आवारात उभी असते. त्या वेळी काठीवर खुणा करून बाहेरूनच मोजा. भरलेल्या ट्रॉलीखाली मुळीच शिरू नका. चारी चाकांजवळ मापं घ्या. एका बाजूला दोन-अडीच इंचांचा फरक निघाला, तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा एखादं पान तुटलं आहे असं समजा.

बऱ्याच वेळा इथंच उत्तर सापडतं. ट्रॉली मुळात बुटकी नसते. आठ-दहा हंगाम ओझं वाहून पाट्यांची कमान मेलेली असते. अशा वेळी ठोकळे घालू नयेत. पाटे उतरवून चांगल्या पाटेवाल्याकडून कमान भरून घ्यावी, तुटलेली पानं बदलावीत, शॅकलच्या पिना आणि बुश नवीन टाकावेत. गेलेली उंची परत मिळते आणि ट्रॉली मूळच्या मापात राहते.

तिसरा धडा : ओळंबा

ट्रॉली उलटते का, हे समजायला शाळा लागत नाही. गवंड्याचा ओळंबा डोळ्यांपुढं आणा. भरलेल्या उसाच्या अगदी मधल्या बिंदूला तो बांधला आहे असं धरा. जोवर ओळंब्याचं टोक डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्ये पडतं, तोवर ट्रॉली उभी राहते. टोक चाकाच्या बाहेर गेलं, की ट्रॉली गेली. मधला बिंदू जितका उंच, तितकं ते टोक लवकर बाहेर जातं.

एक उदाहरण मांडू. दोन चाकांतलं अंतर ५ फूट. साट्याची फळी जमिनीपासून साडेतीन फूट. त्यावर ऊस ५ फूट. म्हणजे उसाचा मध्य जमिनीपासून ६ फुटांवर. अशी ट्रॉली एका बाजूला कलली, तर दोन चाकांच्या उंचीत २३ इंचांचा फरक पडेपर्यंत कागदावर ती उभी राहते. आता ट्रॉली सहा इंच उचला. हाच आकडा साडेएकवीसवर येतो. तुम्ही म्हणाल, दीड इंचानं काय बिघडतंय? पण उंच दिसणाऱ्या ट्रॉलीवर आणखी फूटभर ऊस चढवायचा मोह होतो आणि आकडा वीसवर येतो.

आणि हा सगळा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात ट्रॉली कलली, की खालच्या बाजूचा पाटा आणखी बसतो, टायर आणखी दबतो, दोर सैल असला तर ऊस त्या बाजूला सरकतो. मध्यबिंदू आपणहून बाहेर जायला लागतो. म्हणून कागदावरचे वीस इंच पाणंदीत त्याहून पुष्कळ कमी होतात. फूट-सव्वा फुटाच्या चरात आमची ट्रॉली का आडवी झाली, ते आम्हांला इथं उमगलं.

वळणावर वेगाचीही भर पडते. वळणात बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो, आणि वेग निम्मा केला तर जोर पाव होतो. उंच ट्रॉलीला वळणावर वेग कमी करण्याएवढं स्वस्त औषध दुसरं नाही.

यातूनच एक सोपा नियम निघतो. ट्रॉली जितके इंच उचलाल, त्याच्या दुप्पट इंच ऊस वरून कमी भरा. सहा इंच उचललीत तर एक फूट थर कमी. थर एक फूट कमी झाला, की उसाचा मध्य सहा इंच खाली येतो आणि उचललेल्याची भरपाई होते. ज्याला थर कमी करायचा नाही, त्यानं ट्रॉली उचलू नये. वरच्या उदाहरणात पाच फुटांतला एक फूट म्हणजे पाचवा हिस्सा माल. आठ टनांच्या खेपेला दीड टनाच्या वर गेला. उचलण्याची खरी किंमत मिस्त्रीच्या बिलात दिसत नाही, ती इथं आहे.

आणखी एक किंमत आपण धरतच नाही. मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं वर चढणारी माणसं टोळीची असतात. वीस किलोची एक मोळी धरली तर आठ टनांना चारशे मोळ्या होतात. साटा सहा इंच वर गेला, की चारशे वेळा ते ओझं सहा इंच जास्त चढवायचं. तेही पहाटेच्या दहिवरात, ओल्या शिडीवर.

उचलायचीच असेल तर

चुन्याच्या खुणेनं चेसिस किंवा टर्नटेबलच घासते असं ठरलं, पाटे धड आहेत आणि वाटेला दुसरा इलाज नाही, तर थोडी उंची वाढवता येते. मात्र पुढच्या गोष्टी पाळाव्यात.

१. कागद आधी बघावा. ट्रॉली ही कायद्यानं नोंदणी झालेलं वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा फेरबदल वाहनात करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. म्हणून बदल करण्याआधी आर. टी. ओ. कार्यालयात आणि ट्रॉली बनवणाऱ्याकडे विचारून घ्यावं.

२. दोन-तीन इंचांच्या पुढं जाऊ नये. ठोकळा एकच आणि अखंड पोलादी असावा. एकावर एक दोन ठोकळे, लाकडी फळ्या, पट्ट्यांचे तुकडे असलं काही चालणार नाही. ठोकळ्याची बैठक पाट्याच्या रुंदीची असावी आणि सेंटर बोल्टचं डोकं बसायला त्याला बरोबर भोक असावं. ते नसेल तर ब्रेक दाबल्यावर किंवा खड्ड्यात धुरा मागं सरकतो.

३. यू-बोल्ट नवीन आणि योग्य लांबीचे घ्यावेत. जुने ताणलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत आणि त्यानंतर दर आठवड्याला तपासावेत.

४. पाट्याच्या पानाला वेल्डिंग लावू नये. तापानं पाट्याचं पाणी उतरतं आणि तो ठिसूळ होतो. कमान भरण्याचं काम ज्याच्याकडे पाटे तापवून पुन्हा पाणी द्यायची सोय आहे, त्याच्याकडूनच करून घ्यावं.

५. चार चाकी ट्रॉलीत पुढचे आणि मागचे पाटे सारखेच उचलावेत. नुसते मागचे उचलले तर ट्रॉली पुढं वाकते आणि टर्नटेबलवर भार येतो.

६. दोन चाकी ट्रॉलीची गोष्ट वेगळी आहे. तिचा दांडा चेसिसला पक्का जोडलेला असतो. धुऱ्याच्या बाजूनं ती उचलली, की नाक खाली जातं आणि हुकावर जास्त भार येतो. तेव्हा काही जण ट्रॅक्टरचाच हूक वर घेतात. हे कधीही करू नये. ओढ उंचावरून लागली, की चढाला किंवा चिखलात ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागं उलटू शकतो. जुळवून घ्यायचंच असेल तर ट्रॉलीच्या दांड्याची कडी खाली घ्यावी. ट्रॅक्टरचा हूक ठरलेल्या जागीच ठेवावा.

७. धुरा घासत असेल तर इलाज चाकाचा आहे. ७.५०-१६ च्या जागी ९.००-१६ मापाचा टायर बसला तर चाकाची उंची सुमारे तीन इंच वाढते आणि धुरा त्याच्या निम्मा, म्हणजे दीड इंच वर येतो. मात्र रिम, हब आणि बेअरिंग त्या मापाला चालतात का ते आधी बघावं. टायर साट्याला किंवा पाट्याला घासता कामा नये. आणि चारी टायर एकाच मापाचे हवेत.

८. ट्रॉलीचा उसाचा थर कुठवर, याची रंगानं रेघ साट्याच्या खांबांवर मारावी. टोळीला, ड्रायव्हरला आणि घरच्या पोरांना ती रेघ दाखवून ठेवावी. भरलेल्या ट्रॉलीवर माणूस बसवू नये, मग वाट कितीही जवळची असो.

मग आम्ही काय केलं?

आम्ही ठोकळे काढून टाकले. पाट्यांची कमान भरून घेतली. त्यात दोन इंच मिळाले, ते मुळात आमचेच होते. उरला प्रश्न वगळीचा. तो ट्रॉलीचा नव्हताच, वाटेचा होता.

त्या पाणंदीवर आमच्यासह पाच जणांची रानं आहेत. पाचही जण दर वर्षी टेकलेल्या ट्रॉल्या ओढायला एकमेकांचे ट्रॅक्टर मागत होतो आणि पाचही जण आपापली ट्रॉली उचलायचा विचार करत होतो. एका संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बसलो. थोरल्या अण्णांनी विचारलं, "पाच ट्रॉल्या उचलायच्या, का एक वगळ भरायची? सांगा की." उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. अडत होतं ते मागच्या बांधाच्या भांडणावरून. दोघांचं बोलणं बंद होतं. अण्णांनी त्या दोघांनाच पाईप आणायला एका ट्रॉलीतून पाठवलं. परत येताना दोघं बोलत होते, असं ड्रायव्हर सांगत होता.

वगळीत सिमेंटचे पाईप टाकले, वर दगड आणि मुरूम घातला, चराकडच्या बाजूला दगडांची ओळ लावून तिला चुना मारला, म्हणजे रात्रीच्या खेपेलाही कड दिसते. चाकोऱ्यांत मुरूम भरून मधला उंचवटा कुदळीनं उतरवला. चराचं तोंड मोकळं केलं, कारण पाणी पाणंदीत थांबलं तर कितीही मुरूम टाका, तो काळ्या मातीत गडप होतो. आधी पाण्याला वाट, मग गाडीला वाट. हे काम गळीत सुरू व्हायच्या आधी, घातीवर करावं. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला उसंत नसते.

जिथं सामोपचार होत नाही, तिथं कायद्याचीही वाट आहे. बांधावरून वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ प्रमाणे दाद मागता येते. ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी. पाणंद रस्त्यांसाठी शासनानं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. अर्ज एकट्याचा जाण्यापेक्षा पाणंदीवरच्या सगळ्यांच्या सह्यांनी गेला तर त्याला वजन येतं.

थोडक्यात ध्यानात ठेवायचं

घासतं कुठं ते चुन्यानं बघा. भरलेल्या ट्रॉलीचं माप घ्या. आधी वाट, मग टायर, मग पाटे आणि सगळ्यात शेवटी ठोकळे, हा क्रम सोडू नका. जितकं उचलाल त्याच्या दुप्पट थर उतरवा. ट्रॅक्टरचा हूक वर घेऊ नका. आणि मोळ्यांवर माणूस बसवू नका.

आमच्या त्या खेपेला दोन जीव वाढ्याच्या भाऱ्यानं वाचले. दर वेळी भारा आडवा येईलच असं नाही. या हंगामात आपल्यापैकी कुणाचीही ट्रॉली आडवी न होता गव्हाणीपर्यंत पोचावी आणि तिच्याबरोबरची सगळी माणसं संध्याकाळी आपापल्या घरी, आपापल्या कोपीवर सुखरूप परतावीत, एवढीच आपणां सर्वांस विनंती.